अमॅच्युअरमधून प्रो बॉक्सिंगमध्ये जायचंय? मुलींसाठी पहिल्या सहीपासून पहिल्या फाइटपर्यंत

मागच्या काही दिवसांत तिघींनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला, ताई अमॅच्युअर पुरे झालं आता प्रो व्हायचंय, सुरुवात कुठून करू? तिघींना वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. माझी ओळख म्हणजे प्रो म्हणून सात फाइट, पाच जिंकल्या, दोन हरले, त्यातली एक अजून डोक्यातून जात नाही पण ते जाऊ दे. चॅम्पियन वगैरे मी कधी झाले नाही. पण करार, मेडिकल, वजन, ऐनवेळी गळालेली प्रतिस्पर्धी, यातल्या प्रत्येक खड्ड्यात एकदा तरी पडून झालंय, त्यामुळे खड्डे कुठे आहेत ते नीट दाखवू शकते.

एक गोष्ट आधीच सांगते. अमॅच्युअरमध्ये फेडरेशन, टीम, डॉक्टर, प्रवास सगळं कोणीतरी लावून दिलेलं असतं, तू फक्त ग्लोव्हज घालून जायचं. प्रो हा धंदा आहे, आणि या धंद्यात दुकान पण तूच आणि माल पण तूच. आजूबाजूचा प्रत्येक माणूस कोणाकडून तरी पैसे घेत असतो. वाईट असतात असं नाही, पण तुझ्याशी गोड बोलणाऱ्याचा पगार कुठून येतो हे माहीत असलं की निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. नियम मात्र देशागणिक, काही ठिकाणी तर राज्यागणिक बदलतात, तेव्हा तू जिथे लायसन्स काढणार तिथल्या कमिशनची, म्हणजे प्रो बॉक्सिंगवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, नियमावली डाउनलोड करून खरंच वाच. कंटाळवाणी असते, तरी वाच.

१. आधी खेळ बदलतोय हे समजून घे

लोकांना वाटतं प्रो म्हणजे हेडगार्ड काढायचं आणि पैसे घ्यायचे. हेडगार्ड जातं हे खरं. आणि ते गेल्यावर पहिला जॅब नाकावर बसतो तेव्हा जो आवाज येतो ना, ओला आणि एकदम कानाजवळचा, तो तू आधी कधी ऐकलेलाच नसतो. दुखतं नंतर, आवाजानेच आधी दचकायला होतं. त्यामुळे लायसन्सच्या आधी काही महिने, चांगल्या कोचच्या नजरेखाली आणि हलक्या हाताने, हेडगार्ड न घालता थोडं टेक्निकल स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करून त्या आवाजाची सवय करून घे. जोरात अजिबात नाही, डोकं एकच आहे.

राउंडचं गणित तर मजेशीरच आहे. अमॅच्युअरमध्ये २०१७ पासून बायकांचेही तीन मिनिटांचे तीन राउंड असतात. प्रो झालीस की राउंड दोन मिनिटांचा होतो! म्हणजे अमॅच्युअर पोरीला तीन मिनिटं झेपतात आणि प्रो झाल्यावर झेपत नाहीत असं काहीतरी, याचं लॉजिक मला आजवर कोणी पटवून दिलेलं नाही. सुरुवात चार राउंडच्या फाइटने होते, मग सहा, मग आठ, आणि टायटलची फाइट दहा राउंडची, म्हणजे वीस मिनिटं. पुरुषांची टायटल फाइट बारा गुणिले तीन, छत्तीस मिनिटं. प्युर्तो रिकोची चॅम्पियन अमांडा सेरानोने ऑक्टोबर २०२३ मध्ये दानिला रामोसविरुद्ध बारा राउंड, तीन-तीन मिनिटांचे खेळून दाखवले, डब्ल्यूबीसीने (बेल्ट देणाऱ्या चार मोठ्या संस्थांपैकी एक) बायकांसाठी ते मान्य केलं नाही तर त्याच वर्षाच्या शेवटी तिने त्यांचा बेल्टच सोडून दिला. तू आत्ता नवीन आहेस, तुला ही लढाई लढायची नाहीये, फक्त ट्रेनिंग दोन मिनिटांच्या हिशोबाने लाव. दोन मिनिटांत पहिलं मिनिट अंदाज घेण्यात घालवलंस की राउंड गेला.

अजून एक, परतीचं तिकीट. २०१६ पासून प्रो बॉक्सरना ऑलिम्पिकचं दार उघडलं, पण तुझ्या देशाची फेडरेशन प्रो झालेल्या मुलीला नॅशनल टीमच्या ट्रायलला घेते का आणि कुठल्या अटीवर, हे सही करायच्या आधी लेखी विचार. तोंडी उत्तराला किंमत नाही.

आणि किती अमॅच्युअर बाउट हव्यात? आकडा नाही कुठलाच. आयर्लंडची केटी टेलर आणि अमेरिकेची क्लॅरेसा शील्ड्स दोघींनी नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रो डेब्यू केला, शील्ड्सने चौथ्याच फाइटला वर्ल्ड टायटल घेतलं आणि टेलरने सातव्या. हे वाचून पोरी म्हणतात बघ किती पटकन होतं. अगं पण टेलरच्या मागे एक ऑलिम्पिक गोल्ड होतं आणि शील्ड्सच्या मागे दोन! बायकांमध्ये टायटलपर्यंत पोचायला फाइट कमी लागतात कारण प्रत्येक वजनात बॉक्सरच कमी आहेत, आणि त्याच कारणाने तुला तुझ्या तिसऱ्या फाइटला एखादी अशी मुलगी समोर येऊ शकते जिच्या अमॅच्युअर बाउट शंभरावर आहेत. दोन्ही बाजू लक्षात ठेव.

२. कोण कोण आहे आणि कोणाचे पैसे कोण देतं

ही पायरी सगळ्यात मोठी लिहितेय कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं.

कोच तुला शिकवतो आणि कॉर्नरमध्ये उभा राहतो. त्याला तुझ्या पर्समधून, म्हणजे फाइटच्या मानधनातून, साधारण १० टक्के जातात. मॅनेजर तुझ्या बाजूने बोलतो, फाइट मिळवतो, पैशांची घासाघीस करतो, त्याचा वाटाही तुझ्याच पर्समधून. ब्रिटनमध्ये त्याची कमाल मर्यादा २५ टक्के आहे, अमेरिकेत बऱ्याच राज्यांत एक तृतीयांश. प्रमोटर शो लावतो, हॉल घेतो, तिकिटं विकतो, टीव्हीशी बोलतो आणि तुला पर्स देतो. मॅचमेकर प्रमोटरसाठी जोड्या जुळवतो.

आता बघ, मॅनेजरचं काम तुला जास्त पैसे मिळवून देणं आणि प्रमोटरचं काम तुला कमीत कमी पैशात रिंगमध्ये उतरवणं. दोघं समोरासमोर बसायला पाहिजेत. एकच माणूस दोन्ही असेल, किंवा मॅनेजर प्रमोटरच्या ऑफिसातून पगार घेत असेल, तर तुझ्या बाजूची खुर्ची रिकामी आहे. अमेरिकेत यासाठी २००० साली कायदाच झाला, मुहम्मद अली यांच्या नावाचा, त्यात प्रमोटर आणि मॅनेजर यांच्यात आर्थिक हितसंबंध ठेवायला बंदी आहे. पण ती बंदी दहा किंवा त्याहून जास्त राउंडच्या फाइटला लागू होते! तुझ्या चार राउंडच्या डेब्यूला ते कवच नाहीच. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज तिलाच ते मिळत नाही.

माझं सांगते. माझा पहिला करार मी वेट-इनच्या (फाइटआधीच्या वजन मोजणीच्या) आदल्या रात्री हॉटेलच्या लॉबीत सही केला. तोंडाला कोरड, दिवसभर नीट पाणी नाही, समोर नऊ पानं आणि एक माणूस पेन उघडून धरून उभा, म्हणतो फॉर्मॅलिटी आहे गं. तीन वर्षांचा करार होता. वर्षाला कमीत कमी किती फाइट देणार याचा एक शब्द त्यात नव्हता. पुढच्या चौदा महिन्यांत मला एकच फाइट मिळाली आणि दुसरीकडून आलेल्या दोन ऑफर मला घेता आल्या नाहीत, कारण मी "त्यांची" होते. वजन उतरवताना कुठल्याच कागदावर सही करू नकोस, डोकं चालतच नसतं तेव्हा.

करारात हे शोध, आणि नसेल तर लिहून घे:

- मुदत किती, आणि ती आपोआप वाढते का. टायटल जिंकलीस किंवा जखमी झालीस तर मुदत लांबते असं कलम बऱ्याचदा शेवटच्या पानांवर असतं
- वर्षाला कमीत कमी किती फाइट, आणि तेवढ्या नाही दिल्या तर तू मोकळी का
- मेडिकल, प्रवास, कॅम्प (फाइटआधीचं खास ट्रेनिंग), लायसन्स याचा खर्च कोण करणार, आणि आधी त्यांनी केला तर नंतर तुझ्या पर्समधून कापणार का
- प्रतिस्पर्धी नाकारायचा हक्क तुला आहे का
- मॅनेजरचा टक्का एकूण पर्सवर की खर्च वजा जाता उरलेल्यावर. या एका ओळीत खूप फरक पडतो
- स्पॉन्सरच्या पैशात त्यांचा वाटा किती

वकील दाखव. बॉक्सिंगचा वकील नाही मिळाला तरी करार वाचता येणारा कुठलाही चालेल. आणि "विश्वास नाही का आमच्यावर" असं जो म्हणेल त्याचा करार तर दोनदा वाचून घे.

३. लायसन्स आणि मेडिकल

लायसन्स कमिशन देतं, प्रमोटर नाही. तुझ्या देशात प्रो बॉक्सिंगचं नियमन कोण करतं ते आधी शोध, काही ठिकाणी सरकारी कमिशन असतं, काही ठिकाणी खासगी बोर्ड. काही देशांत तर प्रो बॉक्सिंगच बंद होतं, नॉर्वेत १९८१ पासून २०१४ पर्यंत बंदी होती, तिथली सेसिलिया ब्रेकहूस वर्ल्ड चॅम्पियन होऊनसुद्धा स्वतःच्या देशात २०१६ मध्ये पहिल्यांदा खेळली.

आणि ब्रिटनमध्ये १९९८ पर्यंत बायकांना लायसन्स मिळत नव्हतं. बॉक्सर जेन काउचने तिथल्या बोर्डाविरुद्ध केस केली तेव्हा बोर्डाच्या बाजूने पाळीच्या आधी बायकांचं मन अस्थिर असतं असा मुद्दा मांडला गेला होता, खरंच. ती जिंकली म्हणून आज आपण फॉर्म भरतोय.

साधारण हे कागद लागतात, एक प्लास्टिक फोल्डर घे आणि मूळ प्रत, झेरॉक्स, फोनमध्ये फोटो असं तिन्हीकडे ठेव:

- पासपोर्ट किंवा वयाचा पुरावा, फोटो
- अमॅच्युअर रेकॉर्ड बुक, कोचचं पत्र
- रक्त तपासणी: एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी
- डोळ्यांची तपासणी, बाहुली मोठी करून पडदा बघतात ती
- मेंदूचा एमआरआय किंवा सीटी स्कॅन, कमिशन सांगेल ते
- ईसीजी आणि जनरल फिटनेस
- प्रेग्नन्सी टेस्ट. ही फाइटच्या अगदी जवळ, बऱ्याच ठिकाणी वेट-इनच्या वेळीच परत घेतात
- मॅनेजरचा करार असेल तर त्याची प्रत

डोळ्यांच्या तपासणीला एकटी आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नकोस, थेंब घातल्यावर काही तास सगळं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. एमआरआय आधी करून घे म्हणजे त्यात काही निघालं तर बाकीचा खर्च वाचतो.

यातला सापळा तारखांचा. रिपोर्टची मुदत तपासणीच्या दिवसापासून मोजतात, रिपोर्ट हातात आला त्या दिवसापासून नाही. माझी एक फाइट याच्यावर गेली. डोळ्यांचा रिपोर्ट फाइटच्या दोन दिवस आधी संपत होता, मी आणि माझा मॅनेजर दोघांनी रिपोर्टवरची छापलेली तारीख बघितली, आणि कमिशनच्या बाईंनी शांतपणे त्या खालच्या बारीक अक्षरातल्या तारखेवर बोट ठेवलं. शुक्रवार संध्याकाळ. डोळ्यांचा डॉक्टर कुठून आणणार. आता मी प्रत्येक रिपोर्टवर मार्करने मुदत संपायची तारीख मोठी लिहून ठेवते.

दुसरा सापळा म्हणजे लपवणं, आणि इथे मी चेष्टा करणार नाही. स्पारिंगमध्ये डोक्याला मार लागला, नंतर डोकं दुखत राहिलं, मळमळ, उजेड नको वाटणं, शब्द न आठवणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरला सांग, फाइट गेली तर गेली. मेक्सिकोची जानेट झकारियास सापाटा १८ वर्षांची होती, मे २०२१ मध्ये ती नॉकआउट झाली होती, त्याच वर्षी २८ ऑगस्टला माँट्रियलमध्ये परत रिंगमध्ये उतरली आणि परत नॉकआउट झाली, ती पाच दिवसांनी गेली. मेडिकल फॉर्मवर "मागच्या वर्षात डोक्याला इजा?" असा रकाना आला की मला तीच आठवते.

४. किट

फाइटचे ग्लोव्हज सहसा प्रमोटर देतो, नवे कोरे, नियमाने. ६६.७ किलोपर्यंत म्हणजे वेल्टरवेटपर्यंत ८ औंसचे, त्यावरच्या वजनांना १० औंसचे. तुझे तुला आणायचे ते: डेंटिस्टकडून मापाने बनवलेले दोन माउथगार्ड (एक खाली पडला की दुसरा तयार), चेस्ट गार्ड, ग्रोइन गार्ड, बूट, शॉर्ट्स, टॉप. चेस्ट गार्ड घालून आधी स्पारिंग कर. नवा चेस्ट गार्ड थेट फाइटला घातला तर हूक मारताना काखेत घासतो आणि तिसऱ्या राउंडपर्यंत साल निघतं, विचार माझ्या काखेला.

केसांचं कोणीच सांगत नाही म्हणून मी सांगते. धातूची पिन, क्लिप काही चालत नाही. साधी पोनी एका जोरदार पंचमध्ये सुटते, माझी दुसऱ्या राउंडला सुटली, रेफ्रीने वेळ थांबवली, कोचने टेपने केस गुंडाळले आणि मी तिथेच लय घालवून बसले. डोक्याला घट्ट चिकटून घातलेल्या बारीक वेण्या, त्याही दोन दिवस आधी घाल, हेडगार्ड घालून ओढून बघ सुटतात का. नखं कापलेली, दागिने नाहीत, मेकअप नाही. चेहऱ्याला फक्त व्हॅसलिन आणि तेही रेफ्रीला पटेल एवढंच.

हाताला बँडेज बांधणं म्हणजे अमॅच्युअरसारखी कापडी पट्टी नाही. गॉझ आणि टेप. फाइटच्या दिवशी कोच अर्धा पाऊण तास बसून बांधतो, कमिशनचा माणूस समोर उभा राहून बघतो, बोटांच्या मधून टेपच्या बारीक पट्ट्या जातात, मध्ये मध्ये मूठ उघड मिट करून सांगायचं घट्ट आहे का सैल, आणि शेवटी तो माणूस पेनने टेपवर सही करतो. त्या सहीनंतर हात धुणं नाही की काही नाही. बाथरूमला आधीच जाऊन ये. मनापासून सांगतेय.

५. वजन

प्रोमध्ये बायकांचे वजनगट ४७.६ किलोच्या मिनिमम वेटपासून सुरू होतात, मग ४९, ५०.८, ५२.२, ५३.५, ५५.३ असे जवळ जवळ. डब्ल्यूबीसीसारख्या संस्थांकडे त्याखाली ४६.३ चा ॲटमवेट पण आहे. करारात बहुतेक वेळा पाउंडात लिहितात, ११८, १२६, १३५, तर किलोत बदलून घे आणि दशांश गोल करू नकोस. काट्यावर दोनशे ग्रॅमसाठी मी एका मुलीला टॉवेलच्या आडोशाने सगळे कपडे काढून, श्वास सोडून उभी राहिलेली बघितलंय.

वेट-इन फाइटच्या आदल्या दिवशी असतो, म्हणून सगळे पाणी उतरवतात आणि रात्रभरात परत भरतात. थोडंफार सगळेच करतात, पण डब्ल्यूबीसी टायटल फाइटसाठी ३० दिवस आणि ७ दिवस आधी वजन तपासतं, अनुक्रमे मर्यादेच्या १० आणि ५ टक्क्यांच्या आत असावं लागतं, आणि आयबीएफ ही दुसरी बेल्टवाली संस्था टायटल फाइटच्या सकाळी परत काट्यावर उभं करतं, मर्यादेच्या वर १० पाउंडांपेक्षा जास्त चालत नाही. तू लहान फाइट खेळत असलीस तरी हेच आकडे स्वतःला लावून घे, शहाणपणाचे आहेत. पाणी कमी असलेल्या मेंदूला मार जास्त महागात पडतो, म्हणून सॉना आणि प्लास्टिक सूटवाल्यांच्या गोष्टी ऐकून घे आणि सोडून दे.

पाळीचा हिशोब ठेव. माझं त्या आठवड्यात एक दीड किलो पाणी वाढतं, तुझं वेगळं असेल, पण तीन चार महिने रोज सकाळी वजन आणि पाळीच्या चक्राचा दिवस लिहिलास की तुझा आकडा तुला कळेल, आणि फाइटची तारीख आली की आधीच समजेल त्या दिवशी काय होणार. पाळी तीन महिने गायब असेल तर "बरंय कटकट गेली" म्हणू नकोस, तू कमी खातेयस आणि हाडं त्याची किंमत देतायत. डॉक्टरला दाखव, आणि तो वजनगट तुझा नाही हे मान्य कर. मी सहा फाइट चुकीच्या वजनात खेळले आणि सातवी वरच्या गटात, आणि पहिल्यांदाच चौथ्या राउंडला पाय माझे वाटले.

वजन चुकलं तर पर्समधला हिस्सा कापला जातो, समोरची नाही म्हणाली तर फाइटही जाते.

६. फाइट घेताना

शोमध्ये दोन बाजू असतात. घरची, जिला प्रमोटर पुढे आणतोय, आणि बाहेरून आणलेली. तू कुठल्या बाजूची आहेस हे ऑफर आली की पहिल्या मिनिटात ओळख. दहा दिवसांवर आलेली ऑफर, दुसऱ्या शहरात, नेहमीपेक्षा बरे पैसे आणि वजन "जरा वर चालेल", म्हणजे तुला हरायला बोलावलंय. कधीकधी तरीही घ्यावी, मी एकदा घेतली आणि जिंकले, पण डोळे उघडे ठेवून घे.

बॉक्सरेक (बॉक्सरांचे रेकॉर्ड ठेवणारी वेबसाइट) वर समोरचीचं रेकॉर्ड बघायला सगळेच सांगतात. कसं बघायचं ते सांगते. जिंकल्या हरल्याची बेरीज सोड. ती कोणाकडून हरली ते बघ, चार हरलेली मुलगी चारही वेळा अपराजित मुलींकडून पॉइंटवर हरली असेल तर ती खडतर आहे. शेवटची फाइट कधी, कुठल्या वजनात, शेवटच्या दोनमध्ये नॉकआउट झालीय का. वजनात प्रत्येक फाइटला वर जातेय का. मग तिचे व्हिडिओ शोध, अमॅच्युअरमधले पण.

घरच्या बाजूला असलीस तर तिकिटं विकावी लागतात, पर्सऐवजी तिकिटांचा वाटा असं बऱ्याच नव्या बॉक्सरचं असतं. हेदर हार्डी न्यूयॉर्कमध्ये जिममध्ये ट्रेनर म्हणून राबायची आणि स्वतःच्या फाइटची तिकिटंही स्वतः विकायची, त्याच जोरावर तिला फाइट मिळत गेल्या. तिकिटांचा हिशोब वहीत ठेव, कोणाला किती दिली, किती पैसे आले, किती परत केली, कारण उरलेल्या तिकिटांचे पैसे तुझ्या माथी मारले जातात.

आणि मन घट्ट कर, फाइट रद्द होतात. बायकांमध्ये बदली मिळायला वेळ लागतो म्हणून जास्तच. समोरची आजारी पडली, मेडिकलला अडकली, व्हिसा नाही आला. अशा वेळी कॅम्पचा खर्च कोण देणार हे करारात आहे ना? नसेल तर दोन नंबरवर परत जा.

७. फाइटचा दिवस

वाट बघणं हेच मुख्य काम. तुझी फाइट शोच्या सुरुवातीला, हॉल अर्धा रिकामा असताना लागेल, किंवा मधली कुठली लवकर संपली की अचानक तुला बोलावतील. वॉर्म-अप दोनदा करायची तयारी ठेव. जेवणात डेब्यूच्या दिवशी नवीन काही करू नकोस, नेहमीचं खा.

रिंगमध्ये तीन जज, प्रत्येक राउंड जिंकणारीला १०, हरणारीला ९, खाली पडली तर ८. नोव्हेंबर २०२४ मध्ये टेलर आणि सेरानोची दुसरी फाइट तिन्ही जजनी ९५-९४ दिली, एका पॉइंटने टेलरला, आणि त्यातही आठव्या राउंडला डोक्याने धडक दिल्याबद्दल टेलरचा एक पॉइंट कापला होता. करोडो लोकांनी बघितलेली फाइट एका राउंडवर ठरली. तू चार राउंड खेळणार आहेस, एक राउंड म्हणजे पाव फाइट. शेवटचे वीस सेकंद कॉर्नरमधून ओरडायला सांग, माझा कोच फक्त "आता" म्हणायचा, आणि त्या वीस सेकंदांत हात थांबवायचे नाहीत.

पडलीस तर लगेच उठू नकोस. एक गुडघा टेकव, कोचकडे बघ, रेफ्री आठ मोजेपर्यंत श्वास घे आणि मग उठ. लाज वाटून दोनला उठणाऱ्या मुली दुसऱ्यांदा लवकर पडतात.

८. पैसे

टेलर आणि सेरानो एप्रिल २०२२ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला मेन इव्हेंट खेळल्या, तिथे बायकांचा पहिलाच मेन इव्हेंट होता तो, आणि पैसेही तसेच मोठे मिळाले. ते बघून नोकरी सोडू नकोस. बेल्जियमची डेल्फीन परसून टेलरशी जून २०१९ मध्ये चारही बेल्टसाठी लढली, फार कमी फरकाने आणि बऱ्याच लोकांच्या मते अन्यायाने हरली, आणि त्या काळातही ती पोलिसात नोकरी करत होती.

पर्समधून काय काय जातं ते आधीच कागदावर मांड: मॅनेजर, कोच, कटमॅन (कॉर्नरमध्ये जखमेचं रक्त थांबवणारा), लायसन्स, मेडिकल, प्रवास, टॅक्स, आणि टायटल फाइट असेल तर बेल्टवाल्या संस्थेची फी, साधारण ३ टक्के. माझ्या पहिल्या फाइटनंतर हातात आलं त्यात मेडिकलचा खर्चसुद्धा निघाला नव्हता. पावत्या सगळ्या ठेव. पैसे त्याच रात्री मिळणार की नंतर, चेकने की ट्रान्सफरने, हे फाइटच्या आधी मेसेजवर लिहून घे, फाइटनंतर तो माणूस गर्दीत सापडत नाही.

९. दुसऱ्या दिवशी

जिंकलीस तरी रिंगसाइड डॉक्टरकडून सुटल्याशिवाय हॉल सोडू नकोस. डोकेदुखी वाढतेय, उलटी, एका डोळ्याला अंधारी, झोपेतून नीट जाग येत नाही, असं काहीही असेल तर थेट हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही, आणि त्या रात्री एकटी झोपायचं नाही, कोणीतरी सोबत हवं.

मग मेडिकल सस्पेन्शन. टेक्निकल नॉकआउट (रेफ्रीने मध्येच फाइट थांबवली) किंवा नॉकआउट झाला तर साधारण ३० ते ९० दिवस, कमिशन ठरवेल तेवढे, आणि त्यात बऱ्याच वेळा स्पारिंगही बंद असतं. हे शिक्षा म्हणून नसतं. माझं ४५ दिवसांचं चालू होतं तेव्हा एका मोठ्या जिममधून स्पारिंगचा फोन आला, पैसे देत होते, फक्त "हलकं" म्हणाले, मी गेले. दोन राउंड हलके झाले. तिसऱ्यात लेफ्ट हूक आला आणि पुढचे आठ दहा दिवस मी फोनवर मेसेज वाचताना ओळी सोडत होते, तेव्हा मला कळलंही नव्हतं की मी ओळी सोडतेय, बहिणीने दाखवलं.

आठवडाभरात बॉक्सरेक वर तुझा निकाल, वजन आणि राउंड बरोबर लागलेत का बघ, चुकलं असेल तर कमिशनच्या निकालपत्राची प्रत जोडून कळव. सस्पेन्शनच्या कागदाचा फोटो काढून ठेव, शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाक, आणि मधल्या काळात कोणत्याही जिमने स्पारिंगला बोलावलं तर काही न लिहिता तो फोटोच पाठवून दे.